म्हशाहून दिवसाढवळ्या

शहापुराहून म्हशाच्या जत्रेला जायचं तर बैलगाडीला पर्याय नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं आहे. मोटार आहे ती कोळशाच्या धुरावर चालते, आणि तीही तिच्या मनात आलं तर. म्हणून पौषातल्या एका सकाळी, माहुलीचा डोंगर अजून धुक्यात असताना, मी कान्हूबाबांच्या गाडीत पेंढ्यावर घोंगडी टाकून बसले. सोबत त्यांची बायको ठकूबाय. दोघंही साठीच्या पुढची. शाळेमागच्या पाड्यात त्यांची भातशेती आहे आणि त्यांची नात माझ्या वर्गात शिकते. कान्हूबाबांना जत्रेत म्हातारा बैल विकून नवा घ्यायचा होता. मी का निघाले आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्हा वाचकांना सांगून टाकते, कारण लपवाछपवीचा मला आता वीट आला आहे. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. वय त्रेचाळीस. नवरा ऐन तरुणपणी गेला, मूलबाळ नाही. गावच्या पोस्टमास्तरांनी, तेही विधुर, पन्नाशीचे, मुली सासरी गेलेल्या, गेल्या आठवड्यात शाळेच्या ओसरीवर आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मला लग्नाचं विचारलं. इतक्या हळू आवाजात, की मला ते दोनदा विचारायला लावावं लागलं. विचार करायला वेळ हवा म्हणून मी जत्रेचं निमित्त काढलं. "जत्रेहून आलात की सांगा," म्हणाले.

'हो' म्हणावं तर नोकरीवर गदा. आमची शाळा चालवणाऱ्या मंडळींना विधवा शिक्षिका चालते. नवरी शिक्षिका चालेल याची मला खात्री नव्हती. भाऊ तर दार लावून घेणार हे ठरलेलंच. आणि 'नाही' म्हणावं तर उरलेलं आयुष्य कंदिलाशेजारी एकटीनं वर्तमानपत्र वाचायचं आणि त्यातली गंमत भिंतीला सांगायची. ते मी पुष्कळ वर्षं केलं आहे. भिंत हसत नाही.

किन्हवलीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसं झाडांवर चढून फांद्या तोडत होती. राबाची (भाताचं रोप करायची जमीन भाजण्यासाठी पसरायचा पाला, फांद्या, शेण) तयारी चालली होती. बोडकी झाडं पाहून मला वाईट वाटलं, तर ठकूबाय म्हणाली, "पाऊस पडला का पुना फुटतात. रडताव कशाला?" दुपारी काळू नदीच्या पाण्याशी गाडी सोडली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कच्चा कांदा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीकडे पाहत राहिले. ठकूबायनं ती न विचारता माझ्या पुढ्यात टाकली.

मुरबाडला मुक्काम माझ्या वडिलांच्या चुलतभावाकडे, भाऊकाकांकडे होता. निवृत्त हेडमास्तर, सत्तरीचे. पाय धुऊन मी टेकले नाही तोच त्यांनी माझं वय विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उपदेश सुरू केला. चाळिशी उलटली की माणसानं संसारातून हळूहळू पाय काढावा. रात्री नुसतं दूध घ्यावं. बोलणं कमी करावं, जप वाढवावा. मनाला नवी खोड लावू नये, जुन्याच सोडाव्या.

"पाय काढायला आधी तो आत असावा लागतो," मी म्हटलं. "मला संसारात पाऊल टाकायला मिळालं कुठे?"

"उलट बोलायची तुझी लहानपणची खोड गेली नाही अजून."

"जुनी आहे ना काका, सुटता सुटत नाही."

काकू ताट वाढायला आल्या आणि वाकून माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ऐकून घे आणि सोडून दे. ह्यांना स्वतःला रात्री दुधाबरोबर अजून खीर लागते." मला इतकं हसू आलं की ठसका लागला. काकांनी तो पश्चात्ताप समजला असावा, कारण त्यांनी प्रेमानं पाणी पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून म्हशाकडे जाताना मी हे सगळं ठकूबायला नकलेसकट ऐकवलं. आणि मग, का कोण जाणे, पोस्टमास्तरांचंही सांगून टाकलं. गाडीचा कुरकुर आवाज तेवढा चालू होता. कान्हूबाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण कान आमच्याकडेच होते.

"मी यांची पाटाची," ठकूबाय म्हणाली.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. यांच्यात ते चालतं, एवढं मला ठाऊक होतं. कसं चालतं ते तिनं सांगितलं. पाट काळोखात लावायचा. आणि नवी बायको उजाडायच्या आत मागल्या दारानं घरात घ्यायची, सकाळी कुणा सवाष्णीच्या नजरेला पहिलं तिचं तोंड पडू नये म्हणून.

"मी तेवा तुमच्याच वयाची. पोरगा लग्नाचा झालेला. पाट लागला काळोखात, रीत म्हनून गप ऱ्हायले. पन मागल्या दारानं चल म्हनाले, तेवा मी बोलले, नाय. चोरी केली हाय का मी? यांना सांगितलं, गाडी जुंपा. म्हशाची जत्रा चालू होती. उनाची, भर बाजारात, यांच्या शेजारी बसून गेले. हातात हिरवा चुडा."

"लोक काय म्हणाले?"

"थुकले. माजा पोरगा तीन पावसाळे माज्याशी बोलला नाय."

"आणि मग?"

"मंग बोलला. नसता बोलला तरी काय, मी भाकर खायाची सोडली असती?" तिनं पायावरचं लुगडं सारखं केलं. "मास्तरीणबाय, तरनेपनी लोक काय बोलतील ते ठाऊक नसतं, म्हनून भ्याव वाटतं. आता तुमाला सगलं ठाऊक हाय. कोन काय बोलंल, कसं तोंड वाकडं करंल, सगलं. मंग भ्यायाचं कशाला गो?"

सिद्धगड समोर मोठा मोठा होत गेला आणि जत्रेची धूळ दिसू लागली.

म्हशाची जत्रा म्हणजे आधी बैल आणि मग माणसं. जिथवर नजर जाईल तिथवर शिंगं. घोंगड्यांचे ढीग, पितळी घंटांचा बाजार, हातोली (इथली जत्रेतली मिठाई) तळणाऱ्यांच्या कढया, खांबलिंगेश्वराच्या देवळाशी नारळ फोडणाऱ्यांची रेटारेटी. कान्हूबाबांनी म्हातारा बैल विकला तेव्हा त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि रिकामं दावं गुंडाळून खांद्यावर टाकलं. मग नव्याचा शोध सुरू झाला. व्यापारी तरणे, दोन दाती गोऱ्हे पुढे करी आणि हे मान हलवीत. शेवटी एका थोराड पांढऱ्या बैलाचा जबडा त्यांनी उघडून पाहिला.

"जुळलेला हाय," म्हणाले. जुळलेला म्हणजे सगळे दात येऊन पुरा झालेला. "दोन दाती उधळतो. जुळलेला हाकेसरशी वळतो. मानसाचंबी तसंच हाय, मास्तरीणबाय. चाळिशीत मानूस जुळतो."

"बाबा, मला बैलांच्या दावणीला बांधू नका."

"तुमाला आजच बांधलंन," ठकूबाय म्हणाली. "मी रोजची हाय तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कासाराच्या पालात गेलो. पिकल्या मिशांचा कासार मांडी घालून बसला होता, पुढ्यात बांगड्यांच्या माळा. त्यानं माझा हात सवयीनं हातात घेतला, दाबून माप पाहिलं आणि विचारलं, "लेकीसाठी का सुनेसाठी?"

"माझ्यासाठी. हिरव्या."

त्यानं माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि हात सोडला. रागानं नाही, तापल्या तव्यावरून काढावा तसा. "बाई, सकाळची वेळ हाय. भवानी (दिवसाची पहिली विक्री) व्हायची हाय अजून."

माझा चेहरा उतरला असावा. उठायला म्हणून मी हात टेकला, तर ठकूबायनं मला खांदा दाबून खाली बसवलं आणि आपला सुरकुतलेला हात त्याच्या नाकासमोर धरला. "घे. माज्या हातानं भवानी कर. मी पाटाची हाय. माजा पैला दादला गेला, दुसरा भाईर बैल राखीत बसलाय. बगू तुजा धंदा कसा बुडतो तो."

पालातल्या बाया हसल्या. कासारही, नाइलाजानं का होईना, हसला. त्यानं आधी तिचा हात भरला आणि मग माझा. खडू धरून माझे हात राठ झालेले. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. एक वाढली आणि रक्ताचा थेंब आला. माझे डोळे भरून आले, आणि ते दुखलं म्हणून नव्हे. इतक्या वर्षांत माझ्या हाताचा आवाज मी ऐकला नव्हता. तो ऐकून मला आनंद झाला, अगदी निलाजरा आनंद.

पण जत्रेतली धिटाई स्वस्त असते. तिथे मला ओळखणारं होतं कोण? परतताना भाऊकाकांच्या दारावरून गाडी गेली तेव्हा मी दोन्ही हात पदराखाली घेतले. काळू ओलांडल्यावर माझा धीर आणखी सुटला. शहापूरच्या अलीकडच्या पाड्यावर ठकूबायच्या भाचीकडे उतरलो, तेव्हा मी कान्हूबाबांना म्हटलं, "उद्या जरा लवकर निघू या. उजाडायच्या आत घरी पोचले तर बरं."

ठकूबाय चुलीपुढे बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लाकूड आत सारलं. ते पाहणंच मला लागलं.

तांबडं फुटायच्या आत निघालो खरे. पाड्याखालच्या ओढ्याशी आलो, आणि तो जुळलेला, हाकेसरशी वळणारा बैल जुवासकट वाळूत खाली बसला. कान्हूबाबांनी हाका मारल्या, शेपूट पिरगाळलं, पाण्याचा हबका मारला. बैल रवंथ करू लागला. जोडीचा तरणा बैल मान तिरकी करून बिचारा उभा.

"जुळलाय ना?" ठकूबाय म्हणाली. "बगा, पाटलावानी बसलाय."

"नव्या जागेला बुजलाय त्यो."

"बुजलेला बसतो का पलतो?"

कान्हूबाबा त्याच्याशी गोडीनं बोलले, मग शिव्या घातल्या, मग शेजारी बसून विडी ओढली. उजाडलं. माहुलीच्या सुळक्यांवर ऊन आलं. जत्रेहून परतणाऱ्या गाड्या एकेक करून आम्हाला ओलांडून गेल्या आणि प्रत्येक गाडीवानानं फुकटचा सल्ला दिला. ऊन चांगलं चढल्यावर बैल कुणी न सांगता उठला, अंग झाडलं आणि चालू लागला.

कान्हूबाबांचं तोंड एवढंसं झालं होतं. "मास्तरीणबाय, चुकी झाली माजी. आता बाजार भरला असंल. मागल्या आळीनं घेतो गाडी. कोन नाय बगनार."

मी ठकूबायकडे पाहिलं. ती मुद्दाम माहुलीकडे पाहत होती. तिच्या मनगटावर तोच चुडा, माझ्यासारखाच, आणि हात उघड्यावर. मला माझीच चीड आली. मी काय चोरलं होतं?

"बाजारातूनच घ्या, बाबा," मी म्हटलं. "आणि पोस्टापुढे थांबवा."

गाडी भर बाजारातून गेली. मी हात पदराबाहेर काढून गाडीच्या कडेला धरले होते. खड्ड्याखड्ड्यात बांगड्या वाजत होत्या. वाण्याचा हात तराजूवर थांबला. माझ्या दोन विद्यार्थिनी "बाई!" म्हणून ओरडल्या आणि मग एकमेकींकडे पाहू लागल्या. हात पुन्हा पदराखाली न्यावेसे वाटत होते, खोटं कशाला सांगू?

पोस्टात मनिऑर्डरीसाठी रांग होती. बाकड्यापाशी खुर्चीत शाळेच्या मंडळींतले वडीलधारे अण्णा दुसऱ्याचं वर्तमानपत्र फुकट वाचत बसले होते. पोस्टमास्तर शिक्के मारत होते. मी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. त्यांनी आधी बांगड्या पाहिल्या, मग मला.

"तुम्ही विचारलं होतंत," मी रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "माझं उत्तर 'हो' आहे."

शिक्का हवेतच राहिला. ते उठून उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा कुजबुजतील. पण ते खणखणीत आवाजात म्हणाले, "अण्णा, जरा उठता का? ती खुर्ची इकडे द्या. आमच्या बाई प्रवासातून दमून आल्यात."

अण्णा उठले. खुर्ची देता देता त्यांनी तोंड उघडलं, आणि ते काय बोलणार हे मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. तेच बोलले. "या वयात हे शोभतं का, बाई?"

"न शोभायला काय झालं, अण्णा? आणि शोभेल असं वय यायची वाट पाहत बसले तर पोचेन कधी?" मी खुर्चीवर बसले.

शाळेच्या मंडळींची सभा अजून व्हायची आहे. मी तिला जाणार आहे आणि बोलावलं नाही तरी बोलणार आहे. भावाचं पत्र आलेलं नाही. कान्हूबाबांचा बैल अजून मनात येईल तिथे बसतो, आणि ते त्याला विकायला तयार नाहीत. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या उंबऱ्यावर असतील, त्यांना भाऊकाकांसारखी माणसं दुधाचा, जपाचा आणि कमी बोलण्याचा सल्ला देतील. दूध खुशाल प्या. बाकीचं मी ठकूबायकडे सोपवते. परवा तिच्या पाड्यावर गेले होते. ती अंगणात भात सडत होती. माझे हात पाहून तिनं मुसळ थांबवलं आणि विचारलं, "कुठल्या वाटेनं आलाव मंग?"

"पुढल्या, बाजारातून," मी म्हटलं.

तिनं दुसरं मुसळ माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघींनी मिळून उरलेलं भात सडलं, आणि दोघींचे चुडे सगळ्या पाड्याला ऐकू जात होते.