बसची एक रेघ

मोजणीमास्तरांनी आयुष्यभर एकच काम केलं. रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसायचं आणि मांडीवरच्या पॅडवर समोरून जाणाऱ्या वाहनांच्या रेघा ओढायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. दुचाकी, मोटार, ट्रक, बस असे रकाने. वाहनाचं पुढचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून गेलं की रेघ, त्याआधी नाही. रस्तेखात्यातल्या एकतीस वर्षांत तास भरल्याशिवाय त्यांनी कधी चहाला तोंड लावलं नाही. बरोबरचे लोक म्हणत, "मास्तरांना शिंक आली तर तीही ट्रकच्या रकान्यात जाईल." मास्तरांना यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस ठरलं. खुर्चीची वेळ आठ ते बारा. बारा वाजता यंत्र बंद, कारण साडेबाराला त्याच खुर्चीवर दुसरं माणूस. सातची बस वसाहतीच्या कोपऱ्यावरून निघे आणि महामार्गानं पस्तीस मिनिटांत दवाखान्याच्या दारात सोडी. वर्षभर दोघं त्या बसनं गेली. मास्तर बाहेर बाकावर पेपर वाचत, बारा वाजता तिला हाताला धरून उतरवून आणत.

मग महामार्गाच्या मधल्या दोन लेन खाजगी कंपनीला दिल्या गेल्या. खांब ठोकले, कमानी उभ्या राहिल्या, कमानीवर आकडे झळकू लागले. गर्दी वाढली की टोल वाढणार. ज्याला घाई आहे त्यानं पैसे मोजावेत, बाकीच्यांनी कडेच्या दोन लेनमध्ये दाटीवाटीनं जावं. बसवाल्यांना टोल परवडेना, त्यामुळे बस कडेच्याच लेनमध्ये राहिली.

विरोध सुरू झाला तो टेलरच्या दुकानात. टेलर, शाळेतल्या बाई, शेजारचा टॅक्सीवाला आणि मास्तर अशी चौघांची समिती. तिसऱ्या महिन्यात सरकारी सुनावणी होती. निकाल लागेपर्यंत आपल्यापैकी कुणी त्या लेनमध्ये चाक घालायचं नाही, असं ठरलं.

"माझी तर चार आहेत," टॅक्सीवाला म्हणाला. "चारही बाहेर ठेवतो. गिऱ्हाईक शिव्या घालेल, त्या तेवढ्या तुम्ही वाटून घ्या, काका."

"शिव्या टेलरला दे," बाई म्हणाल्या. "त्यांना उशिराची सवय आहे. माझा ब्लाउज अजून मिळालेला नाही."

हशा पिकला. मास्तर मात्र गंभीर होते. "भाषणं कुणीही करतं," ते म्हणाले. "आपण आकडे देऊ. मी मोजतो."

आठ आठवडे, पाचही कामाचे दिवस, सकाळी सात ते नऊ, पादचारी पुलावरून कडेच्या दोन लेनची मोजणी. पण मग सोमवार-बुधवार-शुक्रवारचं काय? त्यांनी घरी हळूच विषय काढला.

"अहो, बस थेट दारात जाते," बायको म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तुम्ही. इतक्या महिन्यांनी चेहऱ्यावर जरा तरतरी आलीय."

तेव्हापासून ती एकटी जाऊ लागली. मास्तर पुलावरून तिची बस येताना बघत. बस गर्दीत अडकून पुलाच्या अलीकडे उभी राही. खिडकीतून ती वर बघून हात हलवी. मास्तरही पेन वर करत. मग कधीतरी बस सरके, चाक पट्ट्यावरून जाई आणि ते बसच्या रकान्यात एक रेघ ओढत. दुपारी एकच्या सुमारास ती घरी येई, पूर्वीच्याच वेळेला. आल्या आल्या आडवी होई. पाय सुजलेले दिसत. मास्तर विचारत, तेव्हा ती म्हणे, "वय झालं. पायांनाही कळलं वाटतं." ते गोधडी पायांवर ओढत आणि टेबलाशी बसून त्या दिवसाच्या रेघांची बेरीज करत.

सुनावणी एका लांबट सभागृहात होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, शिट्टी मारणारा माईक. मास्तरांनी चाळीस दिवसांचे तक्ते अध्यक्षांपुढे ठेवले. कंपनीचा तरुण इंजिनिअर ते चाळत होता. तो उठला, तेव्हा त्याचा आवाज अगदी आदराचा होता.

"काकांचे आभार. इतकी चोख मोजणी मी पाहिलेली नाही. कडेच्या याच दोन लेनची जुनी मोजणीही यांचीच आहे, खात्याच्या दप्तरात. तेव्हा तासाला सोळाशे वाहनं जात होती. आता काकांच्याच तक्त्यानुसार हजारसुद्धा नाहीत. म्हणजे कडेच्या लेनवरचा भार कमी झाला. आम्हाला हेच सांगायचं होतं."

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं. वाहनं कमी नव्हती. ती अडकून पडली होती, म्हणून पट्ट्यावरून कमी जात होती. कोंडी जितकी घट्ट, तितक्या रेघा कमी. एकतीस वर्षं वाहणारा रस्ता मोजलेल्या माणसाला थांबलेला रस्ता मोजता आला नव्हता.

"साहेब, त्या गाड्या उभ्या असतात हो," ते उठून म्हणाले. "वीस-वीस मिनिटं. मी डोळ्यांनी बघतो."

"याची नोंद?" अध्यक्षांनी विचारलं.

नोंद नव्हती. उभं राहण्याचा रकानाच नव्हता.

"महिन्याभरानं पुढची तारीख देतो," अध्यक्ष म्हणाले. "उशिराचा लेखी पुरावा असेल तर आणा."

बाहेर आल्यावर बाईंनी मास्तरांच्या हातातलं पॅड स्वतःकडे घेतलं. पायऱ्या उतरता उतरता मास्तरांना आठवलं, उशिराची लेखी नोंद एका ठिकाणी नक्की असणार. सातच्या बसमधून उतरणाऱ्या माणसाची वेळ दवाखान्यात रोज लिहितात. ते तिथूनच दवाखान्यात गेले.

डायलिसिसच्या सिस्टरनी फाइल काढली. प्रत्येक दिवसापुढे दोन वेळा: सुरू आणि बंद. बंदचा रकाना सगळीकडे सारखा, बारा. सुरूच्या रकान्यात आधी आठ, आठ, आठ. मग आठ चाळीस. आठ पन्नास. नऊ. नऊ दहा.

मास्तर बोटानं ओळी उतरत गेले. चार तासांच्या जागी तीन. काही दिवशी तीनही नाहीत.

"आम्ही किती वेळा म्हटलं, घरी फोन करतो," सिस्टर म्हणाल्या. "काकू म्हणायच्या, नको, त्यांचं महत्त्वाचं काम चाललंय. डॉक्टरांनी परवा छातीचा फोटो काढला. पाणी साठतंय. हृदयावर ताण आलाय. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

मास्तरांना जो कागद हवा होता तो मिळाला होता. ते तो हातात धरून तसेच उभे राहिले.

घरी ती लसूण सोलत बसली होती. त्यांनी कागद समोर ठेवला.

"लवकरची बस का नाही धरलीस?"

"सहाची खच्चून भरून येते. सुया टोचतात त्या या हाताला धक्का लागला तर सगळंच संपलं."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही पूल सोडला असता."

"सोडलाच असता!"

"म्हणून तर." तिनं सालं गोळा केली. "बसमध्ये मी एकटी असते का? पन्नास-साठ माणसं असतात. रोज कुणीतरी कुणाला तरी फोनवर सांगत असतं, निघालोय, अडकलोय. मला वाटलं, तुमच्या मोजणीनं सगळ्यांचंच होईल."

मास्तरांना सभागृहात काय झालं ते तिला सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही. लसणाची एक पाकळी उचलून ते सोलत बसले, आणि ती त्यांना नीट सोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी टॅक्सीवाल्याचं दार वाजवलं. "उद्यापासून हिला घेऊन जायचं. मधल्या लेनमधून."

"पावणेसातला गाडी लावतो, काका," टॅक्सीवाला म्हणाला.

शुक्रवारी गाडी कमानीखालून गेली आणि रस्ता एकदम मोकळा झाला. पुलावर मास्तरांच्या जागी पॅड घेऊन टेलर उभा होता. त्यानं गाडी ओळखली. मास्तरांनी मान खाली घातली. वर बघवलं नाही.

"अहो, ती बघा चष्मेवाली!" बायको काचेला नाक लावून म्हणाली. कडेच्या लेनमध्ये सहाची बस पुलाच्याही मागे अडकली होती, आणि दारातल्या गर्दीत, पोटाशी हात घट्ट धरून एक बाई उभी होती. "माझ्या शेजारच्या खुर्चीवर असते, सातच्या बसलाही असायची. आता सहाचीच धरते वाटतं. अरे, थांबव जरा, तिला घेऊ."

"इथं थांबता येत नाही, काकू. मध्ये खांब आहेत."

ती मागं वळून बघत राहिली. बस मागं पडली. "सोमवारपासून तिला घरूनच घ्या," ती म्हणाली.

सोमवारपासून मागच्या सीटवर दोघी बसू लागल्या. डाळींच्या भावापासून सुनांपर्यंत त्यांच्या गप्पा चालत. मास्तर पुढं बसून घड्याळ बघत. साडेसातला दार गाठलं जाई. खुर्चीवर पुरे चार तास मिळू लागले. पण आठ आठवड्यांचं पाणी छातीत घर करून बसलं होतं, ते तीन आठवड्यांत निघालं नाही. एका मंगळवारी, म्हणजे डायलिसिस नसलेल्या दिवशी, दुपारच्या चहानंतर ती पडली, आणि मास्तर उशी सरळ करेपर्यंत गेली.

पुढची तारीख त्यानंतर नवव्या दिवशी होती. सगळ्यांनी सांगितलं, येऊ नका. मास्तर आले. त्यांनी दवाखान्याचा कागद पुढं ठेवला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि नियमाचं बोलले. "हा कागद ज्यांचा आहे, त्यांनी स्वतः हजर राहून खरा असल्याचं सांगायला हवं. त्या आल्यात?"

मास्तर उठले आणि कागदाची घडी सरळ करत राहिले. इंजिनिअरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. चष्मेवाली भिंतीला धरत पुढं आली. हातात तसाच एक कागद होता.

"त्या नाहीत," ती म्हणाली. "माझा घ्या. वेळा त्याच आहेत."

"आपण कोण?"

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला.

"त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरची."