माझ्या नावाची मूठ

धुळ्याच्या स्टँडवर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभं राहून एवढंच म्हणाले, "पानीना भरोसा नही, बेटा. जपीसन ऱ्हाजो." साक्रीकडच्या आमच्या गावात विहिरीपलीकडे पाणी नाही. एनसीसीच्या कॅम्पात शिडाची बोट पाहिली, तिचं वेड लागलं, आणि मी मुंबईला शर्यतींच्या सरावाला निघाले होते.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला समुद्र निळाशार वाटत असेल. आमचा सराव बंदरात चालायचा. तेलाचा तवंग, मेलेले मासे, माणसांची घाण. सुकाणूत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या की भर शर्यतीत हात घालून काढायच्या. आधी ओकारी यायची, मग सवय झाली. राष्ट्रीय स्पर्धेत पदकही मिळालं.

गावात बॅनर लागला, 'आमच्या घराण्याची शान'. त्यावर माझ्यापेक्षा नानांचा, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाचा, फोटो मोठा. तेव्हा नुसतं हसू आलं.

त्याच श्रावणात कानबाईच्या सणाला घरी गेले. आमच्याकडे रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीमुठीने सुपात घालतात. नाना नावं घेत होते. भावाच्या पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडली. मी म्हटलं, "नाना, घराण्याची शान राहिली की."

नाना हसले. "पोरनी मूठ सासरले पडस. आठे कसाले?"

आई पदर खोचून जात्याजवळ बसली होती. मी विचारलं, "आई तर सासरीच आलीय ना? तिची मूठ कुठाय?"

आबा सुपातले खडे निवडू लागले, त्यात खडे नव्हतेच. मला किळस आली. नानांची आलीच, पण आबांच्या त्या खाली घातलेल्या मानेची जास्त आली. बंदरातल्या घाणीची इतकी कधी आली नव्हती. ती साबणाने जाते. रोट न खाता मी दुसऱ्या दिवशी निघाले.

तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हालाही लोक घर कुठलं म्हणून विचारत असतील. मी अजून साक्रीच सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं. यंदा कानबाईच्या तोंडावर आईचा फोन आला, "येजो बेटा, दयाले कोनी नही."

म्हटलं, "तूही दळू नकोस. इकडे निघून ये."

ती म्हणाली, "मंग तुना आबाना रोट कोन करी?"

मी फोन ठेवून दिला.