साकवापलीकडची बातमी

वर्तमानपत्र हातात आलं की बाई ते शेवटच्या पानापर्यंत चाळायच्या, घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात काय नाय, ता आधी बघा."

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. आपण घाम गाळून लिहावं आणि त्याने नेमकं न लिहिलेल्यावर बोट ठेवावं. मी खेडला एका मोठ्या दैनिकाचा वार्ताहर. बाई निवृत्त शिक्षिका, माझ्याच गावच्या, ओढ्यावरच्या साकवापलीकडच्या खालच्या वाडीतल्या. दर महिन्याला झेरॉक्स काढून चार पानी अंक वाटायच्या. माझ्या दैनिकात लोक भजी बांधून न्यायचे. बाईंचा अंक मात्र एसटी स्टँडवर चहावाल्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला असायचा आणि तिथून हातोहात फिरायचा. मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजून वाटतो.

पहिली प्रत मला मिळायची. "भाऊ, तुम्ही पत्रकार. चुका काढा." मी मन लावून काढायचो. एकदा एक तारीख चुकलेली सापडली, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मग त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या संपादकांवर लेखमाला सुरू केली. गुलामगिरीच्या काळात त्या माणसांनी स्वतःची वर्तमानपत्रं काढली आणि चर्चलाच विचारलं, देव एक, मग आम्हाला मागचा बाक का? आणि माणसं विकत घेणारा पुढच्या बाकावर कसा? मी मनात हसलो. खेडच्या बाजारात हे कोण वाचणार? पण मासळीवाल्या बायका दुसऱ्यांकडून वाचून घेऊ लागल्या. "पुढं काय झाला ओ त्या पेपरवाल्यांचा?" असं वर मलाच विचारायच्या.

शेवटच्या भागात आमच्या गावची शिमग्याची पालखी होती. पालखी घरोघर जायची, साकवापाशी यायची आणि मागे फिरायची. पलीकडे बाईंची वाडी. कारण जात, हे सगळ्यांना ठाऊक. मी तर वीस वर्षं त्या पालखीला खांदा देऊन मागे फिरलेला. माझ्या खांद्यावरची बातमी बाईंनी अमेरिकेला वळसा घालून आणली, याचा मला फार राग आला.

गावात बैठका झाल्या, तोंडं वाकडी झाली. पण पुढच्या शिमग्याला पालखी साकव ओलांडून गेली. बाईंच्या अंगणात तिला नाचवलं, तेव्हा खांदा देणाऱ्यांत मीही होतो. बाईंनी देवीची ओटी भरली आणि हळूच विचारलं, "भाऊ, आता तरी पेपरात येल ना?"

"येईल," मी म्हटलं.

'शिमगोत्सव उत्साहात साजरा' एवढंच आलं. साकवाचं लिहायचं तर बाईंचं नाव लिहावं लागलं असतं, ते माझ्याच्याने झालं नाही. बाईंनी पेपर वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

गेल्या आषाढात बाई वारल्या. निधनवार्ता मीच लिहिली. निवृत्त शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात भाऊ आणि भाचे. अंक नाही, पालखी नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहावाल्याने तो पेपर घडी घालून माझ्यापुढे सरकवला.

"ह्यात काय नाय, ता बघितलंत का भाऊ?"

गिऱ्हाईकं आत येत होती. माझा पेपर टेबलावर पडलेला होता. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता.