लाँचच्या इंजिनाची ओटी

आठवीत माझी शाळा सुटली की मी सोडली, हे आईला अजून ठरवता आलेलं नाही. पण भाटघरच्या धरणात चालणाऱ्या एका जुन्या लाँचवर मिस्त्री म्हणून राहिलोय, असं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "पवता येतं का तुला?" येत नव्हतं. लातूरकडं आमच्या गावात पोहण्याएवढं पाणी पाहुण्यासारखं यायचं, मुक्काम करायचं नाही. मला येत होतं ते विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजिन, आणि लाँचच्या पोटातलं इंजिन त्याच जातीचं निघालं.

लाँचच्या मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांनी मला कामाला ठेवलं, त्यांच्या घरच्या वहिनींनी जेवायला वाढलं आणि पहिल्याच दिवसापासून मला 'भावजी' करून टाकलं. परक्या मुलखात इतकं मिळालं की ते जाईल म्हणून जीव टांगणीला लागतो. इंजिन नुसतं ठसकलं तरी मला माझी भरलेली पिशवी डोळ्यांपुढं दिसायची.

थंडीत ते इंजिन हट्ट करायचंच. पण त्या वर्षी दसरा झाला आणि ते पार रुसलं. हँडल फिरवून फिरवून दंड भरून यायचे. चालू झालंच, तर असा काळा धूर सोडायचं की पलीकडच्या गावाहून दुधाचे कॅन घेऊन येणारी माणसं उतरेपर्यंत सावळी व्हायची. मी डिझेलच्या नळीतली हवा काढली, डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल भोरला नेऊन तपासून आणला. गावानंही हातभार लावला. एकानं लिंबू-मिरची बांधली. दुसरा म्हणाला, इंजिनाला घोटभर पेट्रोल पाजा. तिसऱ्याचं म्हणणं, आधी मिस्त्रीला पाजून बघा.

शेवटी दादा कंटाळले. "रविवारी येल्ह्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय," ते मला म्हणाले. "त्याच्यासमोर चालू झालं तर ऱ्हाईल. न्हाईतर जाईल." त्याच्या जागी बटणावर चालणारं नवं इंजिन बसायचं होतं. बटण दाबायला मिस्त्री कशाला लागतो? त्या रात्री मी पिशवीची चेन नीट लागते का, ते बघून ठेवलं.

रविवारी उजाडताच मी शेवटचा उपाय काढला. चिंध्यांचा बोळा डिझेलात बुडवून पेटवायचा आणि इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरायचा. गरम हवा आत गेली की थंड इंजिन लवकर उठतं. डाव्या हातात बोळा, उजव्या हातात हँडल. इंजिन फिरलं की ज्वाळ आत ओढली जायला हवी. ती हलेचना. देवळातल्या समईसारखी सरळ उभी.

म्हणजे इंजिनाला श्वासच नव्हता. तोंडावरचा हवेचा फिल्टर मी उघडून बघितला नव्हता, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच तो धुऊन, खाली वाटीत ताजं तेल घालून बसवला होता. आता उघडला. आत घडी घातलेला हिरवा खण, त्याखाली तेलात बुडालेले तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि फुगलेली एक खारीक.

तेवढ्यात वहिनी चहाची किटली घेऊन लाँचवर आल्या. माझ्या हातातला खण बघून त्यांनी किटली खाली ठेवली.

"नारळ मावला न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून खारीक घातली."

मग सगळं कळलं. दसऱ्याच्या आधी दादा जेवताना बोलून गेले होते, की हे इंजिन आता देऊन टाकायचं. वहिनींच्या मनाला ते लागलं. इतकी वर्षं घरासाठी राबलेल्या लेकीला रिकाम्या ओटीनं कसं लावून द्यायचं? म्हणून पूजेच्या वेळी सगळ्यांची पाठ फिरल्यावर त्यांनी झाकण काढून तिची ओटी भरली होती.

"वहिनी, ह्या ओटीनंच ती चाललीय," मी म्हणालो. "काढली तर ऱ्हाईल."

त्या पुढं आल्या. "भरलेली ओटी दुसऱ्यानं उपसू न्हाई. व्हा बाजूला." आणि खण, तांदूळ, खारीक, सगळं त्यांनी स्वतःच्या पदरात घेतलं. दसऱ्याची नवी साडी होती. तेल पार निऱ्यांपर्यंत ओघळलं. मी वाटी पुसली, नवं तेल भरलं, झाकण आवळलं.

टेम्पो आला. दादांनी मान हलवली. मी हँडल मारलं आणि इंजिन असं उठलं, जणू मघापासून नुसतं डोळे मिटून पडलं होतं. धूरही नाही. भंगारवाला थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग म्हणाला, आलोच आहे तर एक चक्कर मारून आणा.

"काय केलंस?" दादांनी विचारलं.

"हवा आत जात नव्हती."

"धरणावर हवा कोण अडवतंय?"

मी वहिनींकडं बघितलं नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दादांच्या हातात कप दिला. "च्या घ्या, निवतोय."

दिवाळीला गावी निघालो तेव्हा वहिनींनी तो खण धुऊन, घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला, आईसाठी. आईनं तो नाकाशी धरला आणि विचारलं, तिकडं खण डिझेलच्या पंपावर मिळतात का. मी हो म्हणालो.

आता दर दसऱ्याला वहिनी इंजिनाची ओटी भरतात. कुठं भरायची ती जागा मी दाखवतो, आणि त्या घरी गेल्या की तरीही एकदा झाकण उघडून बघतो.