गुहेचं अकराचं तिकीट

डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात माझी ख्याती एकच: कुठल्याही देशात आत्ता किती वाजलेत, मला विचारा, झोपेतून उठून सांगीन. तर या महापुरुषाने गेल्या वर्षी सासऱ्यांना फ्रान्सला नेलं.

सासरे साताऱ्याच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. डब्लिनला आमच्याकडे आले ते एकच हट्ट घेऊन. फ्रान्समधल्या ज्या छोट्या गावी आदिमानव कड्याच्या कपारीत राहायचा, तिथल्या गुहेत त्याने काढलेला घोडा पाहायचा. आयर्लंडच्या व्हिसावर फ्रान्स चालत नाही, म्हणून वेगळा व्हिसा काढला. गुहेत दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. अकराची तीन तिकिटं मी डब्लिनहून काढली आणि लगेच फोनच्या कॅलेंडरात टाकली.

गुहेच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना निवांत न्याहारी करू दिली. फोनचं कॅलेंडर गुहेची वेळ बारा दाखवत होतं.

"तिकीट बघ ना एकदा," बायको म्हणाली.

"अगं, दिवसभर वेळा जुळवायचंच काम करतो मी!"

पावणेबाराला मी ऐटीत तिकीट खिडकीपुढे धरलं. आतल्या बाईंनी त्यावरच्या अकरावर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं. तिकिटावरचे अकरा फ्रान्सचेच होते; मी ते डब्लिनमध्ये बसून टाकले, आणि डब्लिनचे अकरा म्हणजे फ्रान्सचे बारा, हा हिशेब फोनने इमानदारीत केला होता.

"रोज पुण्याशी मीटिंग लावतोस ना तू?" बायको म्हणाली. "बिचारे पुणेकर!"

सासऱ्यांनी घोड्यासाठी पुसून ठेवलेला चष्मा परत खिशात घातला. ते जास्त लागलं. परवा त्यांचं परतीचं विमान. मी बाईंपुढे हात जोडले, सासऱ्यांकडे बोट दाखवून हवेत घोडा काढला. तो कुत्रा झाला असावा, कारण बाई खो खो हसल्या. चार वाजताच्या गटात जागा होती. एक.

चारला सासरे एकटे आत गेले. मी बाहेर येरझारा घालत होतो. पाय घसरला तर? घोडा दिसलाच नाही तर? तिकीट खिडकीशेजारच्या दुकानातले सगळे दगडी दागिने दोनदा पाहिले. "बस रे जरा!" बायको ओरडली.

पाऊण तासाने ते आले. डोळे लाल.

"दिसला का, बाबा?"

त्यांनी माझा हात धरून मला कड्यापाशी नेलं आणि तो हात दगडाच्या एका फुगवट्यावर टेकवला. "हे घोड्याचं पोट. आतही असंच दगडातच होतं, त्या आदिमानवाने फक्त ओळखलं. आता सांगा जावईबुवा, मान कुठे?"

मी बोट ठेवलं.

"चूक. पुन्हा बघा."