दुधाची ओळ

सरुबाई वाशीची. गावोगाव पायी हिंडून येशूच्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, यातच तिचा जन्म गेला. लोक तिला बायबलबाई म्हणत. जीभ अशी तिखट, की पाद्रीसाहेबसुद्धा तिच्याशी जपून बोलत. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मिशननं तिला ईट गावाजवळच्या तलावाच्या दुष्काळी कामावर धाडलं. हजारभर माणसं तिथं खडी फोडत होती, माती वाहत होती. त्यांच्या लेकरांना दूध वाटायचं काम सरुबाईकडं आलं.

आता बाईची एक खोड. प्रार्थनेशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. मग कामावर तरी ती कशी सोडील? पोरं ओळीनं बसली की पळी उचलायच्या आधी दरडावायची, "जोडा हात! मिटा डोळं!" पोरं बिचारी पटापट डोळे मिटायची. दुधासाठी त्यांनी डोक्यावर उभं राहूनसुद्धा दाखवलं असतं! सरुबाईला मात्र वाटायचं, चला, देवाचं नाव रुजतंय. भोळी कुठली!

चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, खडीच्या ढिगाआड एक बाई दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन बसते अन् ओळीत काही येत नाही. पोराच्या हातापायाच्या काड्या झालेल्या. सरुबाई तिथूनच ओरडली, "अगं ये की! दूध काय वाऱ्यावर धाडू?"

"न्हाय येत, मावशी," ती म्हणाली. तिचं नाव चांगुणा. "आमी बौद्ध हाव. छप्पन साली सासऱ्यानं घरातले समदे देव नदीत सोडले. आता दुधापायी दुसऱ्या देवाला हात जोडले, तर म्हाताऱ्याला काय तोंड दावू?"

"मग ऱ्हा तशीच!" सरुबाई फणकारली.

पळी घेऊन चार पावलं जायचं, एवढंच तर होतं. तेवढं तिच्यानं झालं नाही. येईल उद्या आपल्या पायानं, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. चांगुणा आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मिलिंद हगवणीनं गेला. मुकादम व्यंकटनं येऊन सांगितलं, तेव्हा सरुबाईनं हातातली पळी पातेल्यात ठेवून दिली. "म्या मारलं त्याला," एवढंच ती म्हणाली.

मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कडू घास नेऊन देतात. पण त्या साली शेजाऱ्यांच्याच चुली थंड होत्या. सरुबाईनं आपल्या वाट्याच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या चार भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या अन् चांगुणाची झोपडी गाठली. बायबल तिनं बरोबर घेतलं नव्हतं. दारात म्हातारा सासरा बसला होता. तो नुसता बाजूला सरकला.

चांगुणानं भाकरीकडं पाहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "आधी हात जोडायचं का?"

सरुबाईचं काळीज फाटलं. "न्हाय गं माझे बाई! हात म्याच जोडते, तुज्याम्होरं. देवानं न्हाय अडवलं दूध. म्या अडवलं." ती ढसाढसा रडायला लागली. चांगुणानं माफ केलं, असं काही घडलं नाही. तिनं अर्धी भाकरी मोडून सासऱ्याच्या हातात दिली अन् उरलेली आपण खाल्ली.

त्यानंतर दुधाची ओळ मोडली. सरुबाई पातेलं घेऊन लेकरं असतील तिथं जायची, दूध ओतायची, पुढं व्हायची. मग हातोडी घेऊन चांगुणाशेजारी खडी फोडायला बसायची. हाताला फोड आले, पण देवाबद्दल चकार शब्द नाही. महिन्यानं पाद्रीसाहेबांनी विचारलं, "किती जणांनी वचन ऐकलं?"

"कुणीच न्हाय," तिनं सांगून टाकलं.

एका दुपारी चांगुणा खडीवरची नजर न काढता म्हणाली, "मावशी, पोटचं लेकरू जातं म्हंजी काय, हे तुमच्या देवाला तरी कळतं का वो?"

सरुबाईचा हात थांबला. तीस वर्षं तोंडपाठ केलेलं एकही वचन तिला धड वाटेना.

"कळतं, बाई," ती हळूच म्हणाली. "त्याचा बी लेक गेलाय. एकुलता एक."

चांगुणानं हातोडी खाली ठेवली.

"कशानं गेला?" तिनं विचारलं.