शब्द संपल्यानंतरचा पियानो

विमल मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षा घेत होतो. फोन त्यांचा पुतण्या नितीनचा होता. दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाहेर येऊन घेतला. "दादा, आत्या गेली... सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागीच," एवढंच तो बोलू शकला. आत समोर बसलेल्या मुलीला मी तिच्या गावाबद्दल फ्रेंचमध्ये सांगायला लावलं होतं. परत जाऊन तिचं उत्तर पूर्ण ऐकलं, गुण लिहिले आणि मग मंगरूळपीरची बस धरली. पोचलो तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी गेली होती.

जऊळक्याजवळच्या शेतकरी घरातला मुलगा फ्रेंच कसा शिकवतो, असं मला बरेचजण विचारतात. त्याला कारण विमल मॅडम. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मंगरूळपीरला होस्टेलवर राहून अकरावी करत होतो, मॅडम आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं घर जैन कापड दुकानदारांचं. लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहायच्या. नागपुरात शिकत असताना त्यांच्या होस्टेलच्या वॉर्डन एक वृद्ध फ्रेंच बाई होत्या. त्यांनी मॅडमना पियानोबरोबर म्हणायची फ्रेंच गाणी शिकवली. एका कवीची कविता, एक गाणारा, एक पियानो आणि समोर दहा-वीस माणसं, एवढाच त्या गाण्यांचा संसार. मी एकदा म्हणालो, "म्हणजे आपलं भावगीतच." त्या म्हणाल्या, "हो, पण याच्यात पेटीवाला नोकर नसते."

त्यांना पेटीवालाच हवा होता. मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, हे त्यांना कुठून तरी कळलं. कारंज्याच्या एका बॅन्डवाल्याकडून घेतलेला कीबोर्ड त्यांच्या पुढच्या खोलीत होता. लाइट कधी जाणार ते बघून आमचा सराव ठरायचा. पाच रेघांवरचं ते लिखाण मला वाचता येईना, म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी प्रत्येक सुरावर पेन्सिलने सारेगम लिहून दिलं. अडचण वेगळीच होती. भजनात बुवा जाईल तिकडे पेटीने जायचं, बुवा थांबला की थांबायचं, हे माझ्या बोटांत मुरलेलं. मॅडम गायला लागल्या की माझा उजवा हात आपोआप त्यांचीच चाल धरायचा. मग त्या थांबायच्या. "माह्या मागं मागं काहून येऊन राह्यला? तुले तुही वाट लिहून देली ना चाल बांधणाऱ्यानं?"

त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं एका घाटावरचं होतं. होडीतून निघून गेलेल्या माणसाला एक बाई हाक मारते. तिसऱ्या कडव्यात ती हाक मारायचं थांबते. शब्द तिथे संपतात, पियानो मात्र पुढे चालू राहतो, जवळजवळ अर्धं मिनिट. तेवढा वेळ गाणाऱ्याने फक्त उभं राहायचं. मॅडम उभ्या राहायच्या, खिडकीबाहेर बघत, हात बाजूला सोडून. स्वयंपाकघरातून त्यांच्या वहिनी, शोभाकाकू, ओरडायच्या, "ताई, घंटाभर झाला हाका मारून राह्यल्या. आली का गाय?" मॅडम शेवटचा सूर विरेपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत. मग म्हणायच्या, "नाही आली. तू भाकरी टाक."

त्या गाण्यांचे अर्थ समजावेत म्हणून त्यांनी मला थोडं फ्रेंच शिकवलं. बारावीनंतर ते पुढे शिकायला अमरावतीला पाठवलंही त्यांनीच. माझ्या वडिलांना समजवायला त्या स्वतः बसने आमच्या गावी आल्या होत्या. वडिलांनी विचारलं, "बाई, ह्या भाषेनं पोट भरते का?" त्या म्हणाल्या, "भरलं नाही तर माह्याकडे पाठवा जेवाले."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ नको, पंधरा मिनिटं गायला द्या, असं त्यांनी सांगितलं. आपल्या गावातल्या माणसांसमोर ही गाणी एकदा पूर्ण व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एखादं जुनं हिंदी घ्या ना, पब्लिकले समजल." त्या नुसत्या हसल्या. मी अमरावतीहून आलो, हॉल भरलेला होता, दोन गाणी चांगली झाली. तिसरं घाटावरचं. त्यांचे शब्द संपले तसे प्राचार्य टाळ्या वाजवत उठले, त्यांच्यामागे सगळा हॉल उठला, निवेदकाने माइक घेऊन आभार सुरू केले. आणि मी... मी हात उचलले. बुवा थांबला, पेटी थांबली. मॅडम तशाच उभ्या होत्या, समोर बघत. त्या वाट बघत होत्या, हे मला उशिरा कळलं. मग त्यांनी नमस्कार केला.

आम्ही चालत घरी निघालो. पोस्टापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "गाणं मी संपवलं नव्हतं गजानन. तुले देलं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या दिवाळीत हॉल घेऊ, पुन्हा करू, असं मी त्यांना दर सुट्टीत सांगायचो. त्या "पाहू" म्हणायच्या. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. हॉल कधी घेतला नाही. त्यांच्या घरी वाजवायचो तेव्हा मी शेवटपर्यंत वाजवायचो. त्याने ती चूक मिटली, असं मात्र मला कधी वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गळा बसला तो पुन्हा उघडला नाही, आणि तो विषय आम्ही दोघांनीही काढणं सोडलं.

महिन्याभराने नितीनने घरीच लहानशी शोकसभा ठेवली. पंचवीसेक माणसं होती, जुने प्राचार्यही आले होते. नितीन म्हणाला, "दादा, तुम्ही काही तरी वाजवा." मी घाटावरचं गाणं घेतलं. फक्त पियानोचा भाग. त्यांच्या ओळी मनात म्हणत होतो, बाहेर त्या जागा मोकळ्याच राहिल्या. तिसरं कडवं संपलं तिथे सूर खाली उतरतो, मध्ये छोटी विश्रांती आहे. तेवढ्यात प्राचार्य हात जोडून उठले. दाराजवळची माणसं चपला शोधू लागली. माझी बोटं पट्ट्यांवरून सुटायला लागली होती... पंधरा वर्षांनीसुद्धा.

स्वयंपाकघराच्या दारातून शोभाकाकू म्हणाल्या, "बसा जी सगळे. ताईचं झालं, त्याचं राह्यलं."

प्राचार्य खाली बसले. काकू तिथेच चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी उरलेलं वाजवलं.